बोर्गरचं ह्यूनेबेड संग्रहालय: जाण्याआधी पडणारे प्रश्न

नेदरलँड्समधल्या मराठी घरांत एप्रिल-मे लागला की आई-बाबा, सासू-सासरे यायला लागतात. ट्युलिपच्या बागा होतात, पवनचक्क्या होतात, कालव्यातली बोटीची फेरी होते, आणि मग "आता कुठे न्यायचं?" हा प्रश्न उरतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: ड्रेंटे प्रांतातलं बोर्गर. तिथे पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी उभारलेली दगडी थडगी आहेत आणि त्यांच्याबद्दलचं एक सुरेख संग्रहालय आहे. जाऊ इच्छिणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे संग्रहालय नेमकं कशाचं आहे?

ह्यूनेबेड म्हणजे प्रचंड शिळा उभ्या-आडव्या रचून केलेली सामुदायिक दफनाची खोली. नेदरलँड्समध्ये अशी ५४ उरली आहेत, त्यातली ५२ एकट्या ड्रेंटेत आहेत. सगळ्यांत मोठं, म्हणजे 'डी २७' क्रमांकाचं, बोर्गर गावाच्या कडेला आहे आणि त्याच्या शेजारीच ह्यूनेबेडसेंट्रुम हे संग्रहालय आहे. सध्याची इमारत २००५ साली सुरू झाली. आत उत्खननातल्या वस्तू आणि त्या काळच्या जगण्याची मांडणी आहे. बाहेर जुन्या पद्धतीने बांधलेल्या घरांचा परिसर आणि दगडांची बाग आहे. दगडांच्या बागेत हिमयुगाने इथे आणून टाकलेले नाना जातींचे धोंडे मांडून ठेवले आहेत.

दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं?

हा प्रश्न बाबा लोक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. नुसते दगड बघायचे तर खरंच जाऊ नका. ही माणसं या भागातली पहिली पक्की शेतकरी होती. त्यांच्या आधीचे लोक शिकार, मासेमारी आणि रानातली फळं-कंदं यांवर जगत होते. यांनी रान तोडलं, लाकडी नांगराने जमीन उकरली, गहू आणि जव पेरला, गुरं-डुकरं-शेळ्यामेंढ्या पाळल्या. एका जागी राहायला लागल्यावर आपल्या मृतांसाठी त्यांनी पिढ्यानपिढ्या टिकेल असं घर बांधलं. त्यांची स्वतःची घरं लाकूड, माती आणि गवताची होती, ती कधीच मातीत मिळाली. टिकलं ते पूर्वजांसाठी बांधलेलं.

इ.स.पू. ३४०० च्या आसपास ही संस्कृती इथे रुजली आणि पुढच्या काही शतकांत ही थडगी उभी राहिली. गिझाचा मोठा पिरॅमिड तेव्हा अजून पाच-सातशे वर्षं दूर होता. ज्यांचं बालपण शेतीच्या घरात गेलं आहे, त्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे संग्रहालय आपल्यापेक्षा लवकर कळतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. जात्याशी, नांगराशी, बी-बियाणं जपून ठेवण्याशी त्यांची ओळख असते. त्यांना कुठलं फलकवाचन करावं लागत नाही.

कसं जायचं?

गाडी असेल तर सोपं आहे. ॲम्स्टरडॅम किंवा आम्स्टेलवेनहून साधारण दोन तास लागतात. शेवटचा टप्पा एन ३४ या रस्त्याने जातो. ग्रोनिंगन आणि एमन यांच्या दरम्यानच्या या रस्त्याला 'ह्यूनेबेड हायवे' असंच नाव पडलं आहे, कारण बहुतेक थडगी त्याच्या आजूबाजूला आहेत.

बोर्गरला रेल्वे स्टेशन नाही. आस्सन किंवा ग्रोनिंगनपर्यंत रेल्वेने जायचं आणि पुढे बस धरायची. जायच्या दिवशी ९२९२ या बस-रेल्वेच्या वेळापत्रकाच्या ॲपवर वेळा बघून घ्या, विशेषतः रविवारी, कारण बसची संख्या त्या दिवशी कमी असते. वेगळं कार्ड नसलं तरी चालतं, बँकेचं कार्ड टेकवून चढता-उतरता येतं. भारतातून आलेल्या पाहुण्यांच्या कार्डावर संपर्करहित व्यवहार सुरू आहेत का, ते मात्र घरून निघतानाच तपासा. बसमधली घोषणा 'बोर्खर' अशी ऐकू येईल, तेव्हा नाव आलंच नाही म्हणून बसून राहू नका.

तिकीट लागतं का? किती वेळ काढून जावं?

संग्रहालय आणि त्याच्या आवारातल्या घरांना तिकीट आहे. म्युझियमकार्ट, म्हणजे डच संग्रहालयांचा वार्षिक पास, चालतं. चालू दर आणि वेळा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असतात, त्या निघायच्या आधी बघा. मोठं थडगं मात्र कुणालाही, केव्हाही, फुकट बघता येतं.

निम्मा दिवस तरी हाताशी ठेवा. आत दीड-दोन तास सहज जातात, बाहेर तासभर. "जाता जाता डोकावू" असा बेत करणारे दगडासमोर फोटो काढून परततात, आणि त्यांना ही जागा आवडत नाही.

आधी दगड बघावेत की आधी संग्रहालय?

माझं मत स्पष्ट आहे: आधी संग्रहालय. बऱ्याच जणांना उलटं वाटतं, कारण गाडीतून उतरल्यावर पाय तिकडेच ओढतात. पण आधी दगडांकडे गेलात तर तुम्हाला एक उघडा सांगाडा दिसतो आणि थडगं असंच होतं असं वाटून जातं. खरं तर ते तसं नव्हतं. मोठ्या शिळांमधल्या फटी लहान दगडांनी बुजवलेल्या होत्या, आत बारीक दगडगोट्यांची जमीन होती, आणि बाहेरून सगळ्यावर मातीचा उंचवटा चढवलेला होता. लांबून पाहणाऱ्याला हिरवी टेकडी दिसायची, आणि दक्षिणेच्या लांब बाजूला मधोमध एक ठेंगणं दार. आत शिरायचं तर वाकावं लागायचं. हे सगळं संग्रहालयात आधी समजून घेतलं की बाहेर डी २७ समोर उभं राहिल्यावर त्यावरची नाहीशी झालेली माती डोळ्यांपुढे येते.

आत काय चुकवू नये?

मडकी. लोक त्यांच्यापुढून भराभर निघून जातात आणि मला हळहळ वाटते. या संस्कृतीला पुरातत्त्वज्ञांनी नावच मडक्यावरून दिलं आहे, नरसाळ्यासारखा पसरट गळा असलेल्या पेल्यावरून. काचेजवळ तोंड नेऊन बघा. ओल्या मातीत टोकदार हत्याराने एकेक टोचा मारत ओढलेल्या रेघा दिसतील: उभ्या, आडव्या, नागमोडी, कुठे पायऱ्यापायऱ्यांच्या. टोचे एकसारख्या अंतरावर आहेत, आणि कुठेतरी हात किंचित घसरलेलाही दिसतो. कुंभाराचं चाक त्यांना ठाऊक नव्हतं, वळ्या एकमेकांवर रचून मडकं हाताने चढवलेलं आहे. काही मडक्यांत या खोबणींमध्ये पांढरा लेप भरत, म्हणजे गडद मातीवर नक्षी उठून दिसायची. एकाच थडग्यात शेकडो मडकी सापडल्याची उदाहरणं आहेत. ड्रेंटेतल्याच हाव्हेल्टच्या थडग्यात तर सहाशेहून अधिक मडक्यांचे अवशेष निघाले. मृतासोबत अन्न-पाणी ठेवायची ही रीत होती असं मानतात.

दुसरी वस्तू म्हणजे गारगोटीची कुऱ्हाड. रान तोडल्याशिवाय शेत नाही, आणि कुऱ्हाडीशिवाय रान तुटत नाही. पाणी आणि वाळू घेऊन खरबरीत दगडावर घासून घासून तिला पाणी चढवलेलं असतं. एक कुऱ्हाड अशी गुळगुळीत करायला कितीतरी तास जातात. चांगली गारगोटी लांबून यायची, म्हणजे देवाणघेवाणीचे रस्तेही होते.

तिसरी, पिवळट-तपकिरी तृणमणी. उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यांवर सापडणारं हे झाडाचं अश्मीभूत राळ भोक पाडून माळेत ओवलेलं आहे. आणि बोर्गरजवळच ब्यूननच्या थडग्यात तांब्याच्या छोट्या वळवलेल्या पट्ट्या मिळाल्या होत्या. या देशात सापडलेल्या सर्वांत जुन्या धातूच्या वस्तूंत त्यांची गणना होते. ड्रेंटेत तांब्याची खाण नाही. अश्मयुगातल्या कुणीतरी ती चमकणारी पट्टी किती लांबून आणली असेल!

धान्य दळायचा दगडही बघा. खोलगट पाट्यावर हातातला दगड पुढेमागे रगडून पीठ काढत. आपल्या पाटा-वरवंट्याशेजारी ठेवला तर कुणालाही तो परका वाटणार नाही. आजीला तिथे थांबवा आणि बोलू द्या.

एवढे दगड आणले कुठून? आणि एकमेकांवर चढवले कसे?

आणले कुणीच नाहीत, निदान लांबून तरी नाहीत. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वी, शेवटून दुसऱ्या हिमयुगात, स्कँडिनेव्हियाकडून सरकत आलेला बर्फाचा थर इथपर्यंत पोचला होता. त्याने स्वीडन-फिनलंडकडचे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म पोटात घेऊन आणले आणि बर्फ वितळल्यावर ते इथेच राहिले. होन्डसरुख नावाची जी लांबट उंच पट्टी आहे, तिच्यावर हे धोंडे विखुरले होते. उरलेला देश सपाट, चिखलाचा आणि वाळूचा, म्हणूनच बहुतेक थडगी याच पट्ट्यात आहेत. हा सगळा प्रदेश २०१५ पासून युनेस्कोचं जागतिक भूउद्यान आहे आणि त्याची ओळख करून घेण्याची मुख्य जागा हे संग्रहालयच आहे.

रचना कशी केली असेल याचा अंदाज प्रयोगांवरून आणि थडग्यांच्या बांधणीवरून बांधता येतो. लाकडी ओंडक्यांवरून किंवा घसरगाडीवरून, दोर आणि तरफा लावून, माणसांच्या आणि बहुधा बैलांच्या बळावर धोंडे ओढत आणले. आधी उभ्या शिळा खड्ड्यांत रोवल्या. मग बाहेरून मातीचा उतार केला आणि त्यावरून छताची शिळा वर सरकवली. डी २७ वर अशा नऊ छतशिळा आहेत, सगळ्यांत जड वीस टनांच्या घरात आहे. संपूर्ण थडगं २२ मीटरहून जास्त लांब आहे.

एक गोष्ट जवळ जाऊन मुद्दाम बघा. उभ्या शिळांची सपाट बाजू जवळजवळ सगळीकडे आतल्या अंगाला आहे, फुगीर बाजू बाहेर. म्हणजे प्रत्येक धोंडा उचलण्याआधी त्याला चारी बाजूंनी न्याहाळलं होतं, कुठली बाजू कुठे यायची हे ठरवलं होतं. आतली खोली नीट दिसावी याची काळजी त्यांनी घेतली, आणि ती खोली अंधारी होती, मृतांची होती. मला या संपूर्ण जागेत सगळ्यांत जास्त भिडतं ते हेच.

राक्षसांनी बांधलं असं म्हणतात, ते काय?

पूर्वी लोकांचा तसाच समज होता. कूफोर्डनचे धर्मोपदेशक योहान पिकार्ट यांनी १६६० साली छापलेल्या पुस्तकात हे राक्षसांचं काम असल्याचं लिहिलं, चित्रंही दिली. माणसाच्या हातून हे होणं शक्य नाही अशी तेव्हा खात्री होती.

पण १६८५ साली टिटिया ब्रोंगर्स्मा नावाची एक कवयित्री बोर्गरला आली. तिने या मोठ्या थडग्याखाली खणून घेतलं, मडकी आणि हाडांचे अवशेष मिळाले, आणि त्यावर तिने कविताही केली. सतराव्या शतकातली एक बाई, कुणी विद्यापीठातली पंडित नव्हे, स्वतःहून जमीन उकरून बघते! नेदरलँड्समधल्या पुरातत्त्वाचा इतिहास सांगताना तिचं नाव घ्यावंच लागतं. जाल तेव्हा मुलींना ही गोष्ट आवर्जून सांगा.

त्यानंतर थडग्यांवर खरं संकट आलं. १७३० नंतर समुद्री किड्याने समुद्र अडवणाऱ्या बंधाऱ्यांचे लाकडी खांब पोखरायला सुरुवात केली. खांब कोसळू लागले तसे बंधारे दगडांनी बांधायचं ठरलं आणि दगडांचे भाव चढले. ड्रेंटेतले धोंडे गाड्या भरभरून जाऊ लागले. तेव्हा १७३४ साली ड्रेंटेच्या शासनाने थडग्यांचे दगड हलवायला बंदी घातली. जगातल्या सर्वांत जुन्या वारसा संरक्षण कायद्यांपैकी हा एक मानला जातो. तोवर बरीच थडगी रस्त्यांत, चर्चच्या पायांत आणि बंधाऱ्यांत गेली होती. आज जी उरली आहेत ती या बंदीमुळे उरली आहेत.

थडग्यांना डी १, डी २ असे क्रमांक विसाव्या शतकात आल्बर्ट एगस फान गिफन या पुरातत्त्वज्ञांनी दिले. उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत गेलं की क्रमांक वाढतो. मुलांना नकाशा दिला तर ती हा हिशेब पटकन पकडतात.

आत कुणाला पुरलं होतं? सांगाडे बघायला मिळतात का?

नाही. इथली वाळूची जमीन आम्लधर्मी आहे, पुरलेली हाडं तिच्यात विरघळून जातात. जाळलेल्या हाडांचे थोडे तुकडे तेवढे टिकले. म्हणून एका थडग्यात किती जण होते, बायका किती, पुरुष किती, लहान मुलं होती का, हे इतर देशांतल्या थडग्यांइतकं नेमकं सांगता येत नाही. पण एक खोली अनेक पिढ्या वापरली गेली हे मडक्यांच्या बदलत जाणाऱ्या नक्षीवरून कळतं. एकाच थडग्यात जुन्या धाटणीची आणि नव्या धाटणीची भांडी एकत्र मिळतात.

कबरींची जागा आहे, तर लहान मुलांना, आजी-आजोबांना न्यावं का?

हा प्रश्न संकोचत विचारला जातो, पण विचारला जातो. आमच्याकडे आलेल्या एका मावशींनी गाडीतच विचारलं होतं, "घरी गेल्यावर आंघोळ करावी लागेल का रे?" मी त्यांना म्हटलं, "तुमच्या मनाला जे बरं वाटेल ते करा." त्या थडग्यापाशी गेल्या, चप्पल काढून बाजूला ठेवली, हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं.

भीती वाटेल असं तिथे काही नाही. उघड्यावर, झाडांच्या सावलीत असलेली जागा आहे. त्या काळचे लोकही इथे पुन्हा पुन्हा येत होते, मडकी ठेवत होते. आपल्या आधीच्यांची आठवण ठेवणाऱ्या कुठल्याही घरातल्या मुलांना ही जागा दाखवायलाच हवी, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मुलं कंटाळतील का?

आतल्या काचपेट्यांपुढे थोड्या वेळाने कंटाळतील, बाहेर नाही. आवारात वेगवेगळ्या काळांतली घरं जुन्या तंत्राने बांधलेली आहेत: लाकडाचे खांब, काटक्यांच्या विणीवर लिंपलेली माती, वर गवताचं छप्पर. आत वाकून जायचं, चुलीची जागा बघायची, धुराचा वास घ्यायचा. कोकणात किंवा मेळघाटात कुडाच्या भिंती पाहिलेल्या मुलांना तर लगेच ओळख पटते. शाळांच्या सुट्टीत हाताने करून बघण्याचे उपक्रम असतात. बेत सुट्टीचा असेल तर कार्यक्रम आधी बघा.

दगडांवर चढलं तर चालतं का?

चढू नका, मुलांनाही चढू देऊ नका. स्थानिक मुलं चढलेली दिसतील, जुन्या फोटोंत तर अख्खी कुटुंबं वर बसलेली आहेत. पण बुटांच्या घर्षणाने दगडावरची शेवाळ-दगडफुलं जातात आणि पाय घसरला तर खाली दगडच आहे. शेकोटी, मेणबत्त्या तर अजिबात नकोत. आचेने ग्रॅनाइटला तडे जातात आणि अशा आगींनी थडग्यांचं नुकसान झालेलं आहे. हात लावायला हरकत नाही. हळू लावा.

शाकाहारी जेवण मिळेल का?

संग्रहालयात उपाहारगृह आहे. डच उपाहारगृहांत चीज घातलेलं ब्रेड, सफरचंदाचा केक, कॉफी-चहा एवढं बहुधा मिळतंच. सूप घेताना विचारा. हिवाळ्यातलं वाटाण्याचं घट्ट सूप दिसायला शाकाहारी असतं, पण त्यात डुकराचं मांस असतं. बिटरबालन आणि क्रोकेट या तळलेल्या पदार्थांमध्येही बहुतेक वेळा गोमांस असतं. उपास असेल, जैन जेवण लागत असेल किंवा आजोबांना दुपारी वेळेवर खावंच लागत असेल तर डबा न्या. धपाटे, दशम्या, चटणी आणि थर्मासमध्ये चहा. बाहेर बाकांवर बसून खाता येतं, कचरा परत आणा.

माहिती कोणत्या भाषेत आहे?

डचबरोबर इंग्रजी आणि जर्मनही आहे. मराठी नाही, तेव्हा घरातल्या एकाने आधी थोडं वाचून ठेवावं आणि बाकीच्यांना सांगत फिरावं. खरं सांगायचं तर सगळ्यांत चांगली फेरी अशीच होते.

गुडघे दुखणाऱ्यांना झेपेल का?

इमारतीत फिरणं सोपं आहे, चाकाची खुर्चीही चालते. डी २७ संग्रहालयाला लागूनच आहे. बाहेरच्या घरांकडे जाणारी वाट मात्र पावसानंतर ओली आणि मऊ होते, तिथे काठी आणि चांगले बूट हवेत.

कोणत्या दिवसांत जावं?

एप्रिल ते ऑक्टोबर. ऑगस्टच्या सुमारास ड्रेंटेच्या माळरानावर हेदर फुलतं आणि सगळं जांभळं होतं, तेव्हा गेलात तर उत्तम. डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं. उन्हाळ्यातही वारा असतो, आईसाठी शाल आणि सगळ्यांसाठी पावसाचा कोट घ्या. गवतातून, झाडीतून फिरल्यावर रात्री अंगावर गोचीड आहे का ते बघा, मुलांच्या कानामागे आणि गुडघ्यामागे विशेष. इथल्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो.

हे स्टोनहेंजसारखंच आहे का? जागतिक वारसा यादीत आहे?

स्टोनहेंज वर्तुळ आहे, हे थडगं आहे. स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या, म्हणजे ह्यूनेबेड त्याहून जुनी. जागतिक वारसा यादीत ती नाहीत. भूउद्यानाचा दर्जा ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, आणि हे विचारणाऱ्याचा मला फार आनंद होतो.

नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा ही त्याच भागातली आणखी नावं. मोठे धोंडे गोलाकार मांडून मधे दगड-मातीचा ढीग, आणि त्याखाली दफन. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. माहुरझरीच्या दफनांत घोड्याचे अवशेष आणि घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याचे अलंकार मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायच्या भट्टीचा पुरावा मिळाला. काळ मात्र वेगळा आहे: विदर्भातली वर्तुळं ढोबळमानाने इ.स.पू. १००० ते ३०० या लोहयुगातली, म्हणजे बोर्गरच्या थडग्यांहून दोन हजार वर्षांनी अलीकडची. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. "आपल्याकडूनच तिकडे गेलं" किंवा उलटं, असं कुणी सांगितलं तर मानू नका. खोलीसारखी शिळाथडगी बघायची तर कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातलं हिरेबेणकल आहे, तिथली रचना डोळ्यांना या थडग्यांच्या जास्त जवळची वाटते.

शेतकऱ्यांच्या जगण्याबद्दल बोलायचं तर इनामगाव. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यान एक शेतकरी वस्ती नांदत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षं तिथे उत्खनन केलं. धान्याची साठवण, पाटाच्या पाण्याची सोय, गावाच्या प्रमुखाचं मानलं गेलेलं पाच खोल्यांचं घर, असं अख्खं गाव मातीतून वर आलं. तिथल्या दफनांत घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेले सापडले, आत लहान मूल. मोठ्या माणसांच्या पायांचे घोट्याखालचे भाग तोडलेले होते. मृत माणूस परत निघून जाऊ नये, घरातच राहावा, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. इनामगावच्या वस्तू डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

बोर्गर पाहून झाल्यावर भारतात जाल तेव्हा जुनापाणीला जा. बोर्गरला १७३४ सालच्या बंदीने दगड वाचवले. विदर्भातल्या वर्तुळांना शेती, रस्ते, खाणी आणि वाढत्या शहराचा रेटा आजही सोसावा लागतो. तिथे फलक वाचून, नकाशा घेऊन जाणारी माणसं वाढली पाहिजेत.

दिवस उरला तर आसपास आणखी काय बघता येईल?

बोर्गरपासून अगदी जवळ ब्रोनेखरला डी २१ ते डी २५ अशी पाच छोटी थडगी आहेत. गर्दी जवळजवळ नसते, मला ती मोठ्या थडग्याइतकीच आवडतात. सायकली भाड्याने घेतल्या तर ही फेरी सुरेख होते. स्कोनओर्डजवळचं डी ४९ बघाच. फान गिफन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा काही भाग मुळासारखा पुन्हा उभारला, शिळांमधल्या फटी भरल्या आणि मातीचा उंचवटाही चढवला. वर सांगितलेली मातीखालची अंधारी खोली आत शिरून अनुभवायची असेल तर ही जागा. एमनला डी ४३ आहे, तिथे एकाच लांबलचक दगडी कुंपणात दोन दफनखोल्या आहेत.

हाव्हेल्ट बोर्गरहून थोडं दूर आहे, पण तिथल्या डी ५३ चा इतिहास ऐकण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने तिथे विमानतळ केला, तेव्हा हे थडगं मोडून त्याचे दगड मोठ्या खड्ड्यात पुरण्यात आले. युद्ध संपल्यावर आधीच्या मोजमापांच्या आणि चित्रांच्या आधारे ते दगड वर काढून पुन्हा रचले.

पाऊस लागला तर आस्सनला ड्रेंट्स म्युझियममध्ये जा. ड्रेंटेतल्या पेस गावाजवळ १९५५ मध्ये महामार्गाचं काम चालू असताना सापडलेली, एका ओंडक्यातून कोरलेली होडी तिथे आहे. ती इ.स.पू. ८००० च्या आसपासची, जगातली सर्वांत जुनी ज्ञात होडी मानली जाते. म्हणजे ती वल्हवणाऱ्यांनी शेती पाहिलीच नव्हती. आस्सनला रेल्वे स्टेशन आहे आणि संग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे गाडी नसलेल्यांनी सकाळी बोर्गर आणि परतताना आस्सन असा बेत केला तर तो एका दिवसात नीट बसतो.